हॉटेल मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगसाठी नागपुरात कोणाचं दार ठोठवायचं?

मनीषनगरकर
नमस्कार मंडळी. लेक हॉटेल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढचं अख्खं सेमिस्टर इंडस्ट्रियल ट्रेनिंगचं. कॉलेजात दोन मोठ्या साखळ्यांचे लोक येऊन मुलाखती घेऊन गेले, बावन्न मुलांतली नऊ उचलली. हिचा नंबर लागला नाही, इंग्रजीत अडखळली म्हणे. उरलेल्यांना कॉलेज सांगतं, पत्र आम्ही देतो, हॉटेल तुमचं तुम्ही बघा. तिने अकरा हॉटेलांना ईमेल केले. तीन आठवडे झाले, एकाचंही उत्तर नाही.

आमच्या घरात हॉटेलशी संबंध आला तो बिल देण्यापुरता. नवरा महावितरणमध्ये, मी शाळेत. कोणाला विचारायचं तेच कळत नाही. त्यात सासूबाई रोज सकाळी चहाबरोबर एक वाक्य ऐकवतात, "एवढे पैसे भरून लोकांच्या चादरी बदलायच्या?" आणि एक कन्सल्टंट भेटलाय, तो म्हणतो साठ हजार भरा, मॉरिशसला पाठवतो.

तर, विचारायचं कुठे आणि कसं? नागपुरातच करावं की बाहेर? आणि रात्रीच्या ड्यूटीचं काय असतं? नवऱ्याला तीच काळजी आहे, बोलून दाखवत नाही एवढंच.

तर्रीबाज
साठ हजारांत मॉरिशस? ताई, मलाही पाठवा. चादरी मी बदलतो.

एचआरमधला_माणूस
वर्धा रोडच्या एका हॉटेलात एचआरला आहे, कोणतं ते विचारू नका.

आधी ते अकरा ईमेल कुठे गेले ते सांगतो. वेबसाईटवरचा पत्ता बहुतेक ठिकाणी रिझर्व्हेशनवाल्यांचा असतो. त्यांना खोल्या विकायच्या असतात. तुमच्या लेकीचा अर्ज उघडला जातो आणि तिथेच राहतो. मुद्दाम नाही, पण राहतो.

प्रत्यक्ष जा. लॉबीतून शिरू नका. प्रत्येक हॉटेलला मागे स्टाफ गेट असतं, तिथे टाइम ऑफिस असतं. गार्डला सांगायचं, "आयटीसाठी (म्हणजे इंडस्ट्रियल ट्रेनिंगसाठी) आले आहे, ट्रेनिंग मॅनेजरना भेटायचं आहे." वेळ दुपारी तीन ते साडेचार. सकाळी चेकआउटची गर्दी, मग लंच, पाचनंतर रात्रीच्या पार्ट्यांची धावपळ. महिन्याचे शेवटचे चार दिवस टाळा, आम्ही हजेरी आणि पगारात बुडालेले असतो. आणि आईवडिलांनी सोबत आलात तरी गेटबाहेर थांबा. मुलगी विचारतेय आणि उत्तरं वडील देताहेत, असं झालं की तो अर्ज मी फाईलच्या तळाशी सारतो. खोटं कशाला बोलू.

मुलं किती घ्यायची हे एकटं एचआर ठरवत नाही. फ्रंट ऑफिस, हाऊसकीपिंग, एफ अँड बी सर्व्हिस (खाणंपिणं वाढणारे) आणि किचन, या चौघांचे प्रमुख सांगतात की आम्हाला इतकी हवीत. त्यामुळे "जागा नाही" म्हणजे "आज नाही". दहा दिवसांनी पुन्हा जा. ऐनवेळी दोन मुलं गळतात आणि मग समोर दिसेल त्याला घेतलं जातं.

नॅशनल कौन्सिलच्या (हॉटेल मॅनेजमेंटच्या केंद्रीय संस्थेच्या) कॉलेजांत अर्धा वर्ग तिसऱ्या सेमिस्टरला ट्रेनिंगला जातो, अर्धा चौथ्याला. म्हणून आमच्याकडे वर्षात दोन लाटा येतात. लाटेच्या तीन-चार महिने आधी विचारणाऱ्याला चार हॉटेलांत निवड करता येते, महिनाभर आधी विचारणाऱ्याला उरलेलं मिळतं.

कागद: कॉलेजचं पत्र (तारखांसकट, "to whom" छापाचं मोघम नको), आधार, फोटो, बँक पासबुक, मेडिकल फिटनेस. अन्नाला हात लावणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा तपासणी आणि टायफॉइडची लस, हा अन्नसुरक्षेचा नियमच आहे. कागद आधीच तयार असले की पुढचं सोपं जातं.

बायोडाटा एक पानाचा. "मेहनती, टीममध्ये काम करण्याची आवड" हे सगळेच लिहितात. त्यापेक्षा घरच्या लग्नात पंगत वाढली असेल तर ते लिहा. थट्टा करत नाहीये.

कोथरूडचा_पाहुणा
सगळं ठीक, पण नागपुरात मोठी हॉटेलं आहेत किती? पुणे किंवा मुंबई गाठा. पुढे नोकरीच्या वेळी सर्टिफिकेटवर कुठलं शहर आहे तेही बघतात.

सीताबर्डीकर
हो बाप्पा, पुण्यात लय हॉटेलं. एक ते चार बंद असतात तेवढंच.

बाकी माहितीसाठी: वर्धा रोडला ल मेरिडियन, रॅडिसन ब्लू, प्राइड. रामदासपेठेत सेंटर पॉइंट आणि तुली इम्पिरियल. एवढ्यात एका पोट्टीची सोय होणार नाही काय?

हलकंफुलकं
तो एक ते चारचा विनोद आता पेन्शनीत निघालाय हो. दुसरा काढा.

तवा_आणि_कढई
मी १९८९ ला किचनमध्ये लागलो, दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलो. शेवटची काही वर्षं ट्रेनी मुलं माझ्याच हाताखाली यायची, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिल्या दिवशी कांदा येतो. पोतंभर. मुलांना वाटतं आपला छळ चाललाय. शेफ कांद्याकडे बघत नसतो, तो बोर्डाकडे बघत असतो. बोर्डाखाली ओलं फडकं घातलंय का? नसेल तर बोर्ड सरकतो आणि बोट जातं. हे कोणी सांगायच्या आधी शेजारच्याचं बघून ज्याने फडकं आणलं, त्याला मी दुसऱ्याच दिवशी कांद्यावरून उठवायचो. दुसरी गोष्ट म्हणजे चाकू घेऊन चालणं. टोक खाली, पातं मागे, हात मांडीला लावून, आणि कोणाच्या पाठीमागून जाताना मोठ्याने "बिहाइंड!" म्हणायचं. लाजरी मुलं तोंडातल्या तोंडात म्हणतात. उकळत्या ग्रेव्हीचं पातेलं घेऊन वळणाऱ्याला ते ऐकू येत नाही.

आता मूळ प्रश्न. मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये काम वाटलेलं असतं. बुचरी वेगळी, बेकरी वेगळी, गार्ड मांजे म्हणजे थंड पदार्थ वेगळे. ट्रेनीला बघायला खूप मिळतं, हातात कमी येतं. साठ-सत्तर खोल्यांच्या हॉटेलात संध्याकाळी एक ज्युनिअर कुक नाही आला की तंदूरशेजारी तुम्हीच उभे. माझं मत विचाराल तर किचन करायचं असेल तर मधलं हॉटेल धरा, फ्रंट ऑफिस करायचं असेल तर नाववालं. मुलीला काय करायचंय हे तुम्ही लिहिलंच नाही, ताई.

मनीषनगरकर
@तवा_आणि_कढई, ती बेकरी म्हणते. मागच्या महिन्यात फ्रंट ऑफिस म्हणत होती.

@एचआर, गेटबाहेर थांबायचं लक्षात ठेवलंय. नवऱ्यालाही वाचून दाखवलं. गप्प बसले.

हाऊसकीपिंगवाली_काकू
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. मी लोकांच्या चादरी बदलत बदलतच एक्झिक्युटिव्ह हाऊसकीपर झाले, आज पन्नास माणसं हाताखाली आहेत.

चादर घालणं कोणीही आठ दिवसांत शिकतं. बघायला शिकणं अवघड. खोली तयार झाली की मी नव्या मुलांना पलंगावर आडवं पडायला लावते. मुलं बिचकतात. पडून वर बघा म्हटलं की एसीच्या जाळीवरची धूळ दिसते, उभ्याने ती दिसत नाही. मग कमोडवर बसायचं, झाकण लावून. दाराच्या मागच्या बाजूला पाण्याचे डाग आहेत का, टॉयलेट रोलपर्यंत हात पोचतो का, हे पाहुण्याला तिथून दिसतं आणि आपल्याला कधीच दिसत नाही. फरशीवरचा केस शोधायचा असेल तर उभं राहून नाही, वाकून, उजेडाच्या दिशेने आडवं बघायचं. एका शिफ्टला चौदा-पंधरा खोल्या असं करायचं आणि तेही हसतमुखाने, कारण कॉरिडॉरमध्ये पाहुणा कधीही भेटतो.

अवांतर: नोव्हेंबर २००८, जामठ्याच्या स्टेडियमवर पहिलीच कसोटी, गांगुलीची शेवटची. मी तेव्हा नवी होते. घरी सगळे विचारत होते, "कोण कोण दिसलं?" मला दिसल्या त्या उश्या. एका खोलीतून रोज दोन जास्तीच्या उश्यांची मागणी यायची. कोणाची खोली ते आजही सांगणार नाही. हेही ट्रेनिंगमध्येच शिकवतात.

तर्रीबाज
काकू, अठरा वर्षं होत आली. डावा होता की उजवा, एवढं तरी सांगा.

हाऊसकीपिंगवाली_काकू
नाही.

उज्ज्वलनगर_स्टेशन
रात्रीबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. चार वर्षांपूर्वी ट्रेनिंग केलं, आता एका क्लबमध्ये नोकरीला आहे.

सर्व्हिसला असताना दुपारची शिफ्ट साडेअकराला संपायची. शेवटची मेट्रो तोवर केव्हाच गेलेली. मुलींना हॉटेलची गाडी घरापर्यंत सोडायची हे खरं, पण ती सुटायची साडेबाराला, सगळ्यांचं आवरल्यावर. तो तास मी स्टाफ कॅफेटेरियात बसून लॉगबुक (ट्रेनिंगच्या कामाची नोंदवही) लिहायचे. बाबा रोज गॅलरीत उभे असायचे. पहिला महिना. मग गॅलरीतला दिवा नुसता चालू असायचा, बाबा झोपलेले.

म्हणून हॉटेल निवडताना "ड्रॉप आहे का" एवढंच विचारू नका. गाडी किती वाजता सुटते, शेवटची मुलगी उतरेपर्यंत गाडीत गार्ड असतो का, तेही विचारा. विचारलं म्हणून कोणी नाही म्हणत नाही.

दुसरं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा ट्रेनी आणि अप्रेंटिसलाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. समितीतल्या लोकांची नावं सहसा कॅफेटेरियाच्या बोर्डावर असतात, पहिल्याच दिवशी वाचून ठेवा. माझ्यावर एकदाच वेळ आली. रूम सर्व्हिसचा ट्रे घेऊन गेले तर पाहुणा म्हणाला दार लावून घे. मी ट्रॉली दारातच अडकवली होती, आमच्या कॅप्टनने (वेटरांच्या प्रमुखाने) शिकवलं होतं तसं. दार लागलंच नाही. खाली येऊन सांगितल्यावर त्या खोलीत नंतर दोन मुलगे जायचे. बस, एवढंच.

मनीषनगरकर
हे नवऱ्याला वाचायला दिलं. दोनदा वाचलं त्यांनी. धन्यवाद गं.

कोथरूडचा_पाहुणा
+१. ट्रॉलीची युक्ती सगळ्यांनीच लक्षात ठेवण्यासारखी.

नाईट_ऑडिटर
पहाटेचे ३.१२. डे क्लोज लावलाय, म्हणजे कालचा दिवस हिशेबात बंद करून आजची तारीख उघडायची. तेवढा वेळ सिस्टिम हात लावू देत नाही, म्हणून इथे आलो.

फ्रंट ऑफिसला जाणाऱ्या मुलीला एक सुचवतो. महिन्यातून चार रात्री तरी स्वतःहून मागून घे. दिवसा ट्रेनीला डेस्कच्या मागे उभं करतात आणि "स्माइल कर" म्हणतात. रात्री दोन माणसं असतात, मग चेक इन पण तूच, बिलातली चूक पण तूच शोध, आणि "माझ्या खोलीत पाल आहे" म्हणून साडेतीनला फोन करणाऱ्याला पण तूच समजाव. आत्ता फोन आलाच. जाऊन येतो.

नाईट_ऑडिटर
पाल नव्हती. चार्जरची वायर.

डिसेंबरचा_वेटर
सगळं गोडगोड चाललंय म्हणून माझंही लिहितो.

माझ्या पत्रावर चार डिपार्टमेंट लिहिली होती. सतरा आठवड्यांतले बारा मी बँक्वेटला (लग्न-पार्ट्यांच्या हॉलवर) होतो. डिसेंबरचा महिना म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन, सगळी मुंबई नागपुरात, आणि त्याच्याच अंगावर लग्नाचे मुहूर्त. सकाळी सात ते रात्री एक. पनीर टिक्क्याचा ट्रे घेऊन इतका फिरलो की झोपेत पण हात खांद्याशी जायचा. किचन मी पाहिलं ते पास काउंटरच्या (तयार पदार्थ बाहेर देतात त्या कट्ट्याच्या) अलीकडून. महिन्याला तीन हजार स्टायपेंड ठरला होता, हातात पडला एका महिन्याचा. बाकीसाठी चकरा मारल्या आणि मग सोडून दिलं. सर्टिफिकेट अडकेल या भीतीने कॉलेजही गप्प. ट्रेनी म्हणजे फुकटातला वेटर, हे सरळ लिहा की.

एचआरमधला_माणूस
@डिसेंबरचा_वेटर, हे खोटं आहे असं मी म्हणणार नाही. सीझनला आम्हीसुद्धा मुलं बँक्वेटला ओढतो. माझ्या हॉटेलात स्टायपेंड अडकत नाही एवढं मात्र छातीठोक सांगतो.

बचाव एकच आहे, तो आधी करावा लागतो. जॉइन होण्यापूर्वी ऑफर लेटरवर तारीखवार रोटेशन लिहून घ्या: अमुक ते अमुक हाऊसकीपिंग, पुढे किचन. साप्ताहिक सुट्टी, ड्यूटी मील, युनिफॉर्म, स्टायपेंडची रक्कम आणि तो कोणत्या तारखेला जमा होणार, हेही. मग दर आठवड्याला लॉगबुकवर त्या डिपार्टमेंटच्या प्रमुखाची सही. सही नसेल तर नंतर तुम्ही किचनमध्ये होतात की बँक्वेटला, हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. तुम्हालाही नाही, आम्हालाही नाही. कॉलेजच्या ट्रेनिंग इन्चार्जला दर पंधरा दिवसांनी एक मेल टाकत चला, तक्रार नसली तरी. मग ज्या दिवशी तक्रार असेल त्या दिवशी तुमचं नाव त्यांना ओळखीचं असतं.

डिसेंबरचा_वेटर
हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर.

एक मात्र शिकलो, ग्लास. गरम पाण्याच्या भांड्यावर उलटा धरायचा, वाफ आतून धरली की सुती फडक्याने फिरवत पुसायचा आणि दिव्यासमोर धरून बोटाचा ठसा बघायचा. रात्री चारशे ग्लास. आज स्वतःचं छोटं केटरिंग आहे. पोरांनी पुसलेला ग्लास मी अजून दिव्यासमोर धरतो आणि पोरं मला शिव्या घालतात.

फॉर्म_भरा
पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत महिन्याला पैसे मिळतात ना? तिथून का नाही अर्ज करत?

सीताबर्डीकर
ती योजना दुसऱ्या वर्षाला पूर्णवेळ शिकून राहिलेल्यांसाठी नाही भाऊ. राज्याची २०२४ ची युवा कार्य प्रशिक्षण योजना पण शिक्षण चालू असलेल्यांना नाही. त्यात बारावीला सहा, आयटीआय-डिप्लोमाला आठ आणि पदवीला दहा हजार होते. ताईंच्या पोरीचं ट्रेनिंग अभ्यासक्रमातलं आहे, तो वेगळाच खाना. डिग्री झाल्यावर अप्रेंटिसशिप बघता येईल. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनाला अप्रेंटिस घ्यावेच लागतात.

जर्सी_सिटी
मॉरिशसवाल्या कन्सल्टंटबद्दल. दुसऱ्या वर्षाच्या अनिवार्य ट्रेनिंगसाठी परदेश म्हणजे उलटा कारभार. आधी कॉलेजला विचारा की ते बाहेरचं ट्रेनिंग मान्य तरी करतात का.

नोकरीसाठी परदेशी पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो, ई-मायग्रेट पोर्टलवर यादी बघता येते. त्याला ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. "ही नोकरी नाही, इंटर्नशिप आहे" अशी पळवाट काढेलच तो. मग त्याला एकच विचारा, हॉटेलचं नाव आणि त्या हॉटेलच्या एचआरचं पत्र पैसे भरायच्या आधी दाखवता का? आमच्याकडे अमेरिकेत जे-१ व्हिसावर भारतातली हॉटेलची मुलं येतात, इंटर्न म्हणून जास्तीत जास्त बारा महिने. त्यांनाही आधी मान्यताप्राप्त स्पॉन्सर संस्थेकडून डीएस-२०१९ नावाचा फॉर्म लागतो. तो हातात नसताना पैसे घेणारा माणूस स्वप्न विकतोय, व्हिसा नाही.

मनीषनगरकर
कन्सल्टंटला फोन करून हॉटेलचं नाव विचारलं. म्हणाला, "मॅडम, ते तिकडे पोचल्यावर अलॉट होतं." ठेवला फोन.

खमंग_फोडणी
मुंबईला जायचं ठरलंच तर एक इशारा. दादरच्या आयएचएमची (हॉटेल मॅनेजमेंटच्या जुन्या कॉलेजची) मुलं १९५४ पासूनच्या परंपरेच्या तोऱ्यात असतात, त्याला दबू नका. आणि भाषा सांभाळा. मी मुंबईच्या किचनमध्ये पहिल्याच आठवड्यात ओरडले, "शेफ, सांबार संपला!" त्यांनी साउथ इंडियन सेक्शनला फोन लावला. तिकडून अर्धं पातेलं सांबार आलं. मला कोथिंबीर हवी होती.

तर्रीबाज
😂 आणि पुडाची वडी राहिली असेल तशीच!

कोथरूडचा_पाहुणा
थांबा, म्हणजे सांबारवडीत सांबार नसतो?

सीताबर्डीकर
सांबारच असतो भाऊ. तुमचा नसतो.

खमंग_फोडणी
त्याच शेफनी ट्रेनिंग संपताना स्टाफच्या जेवणाला माझ्याकडून सावजी करून घेतलं. भाजलेल्या मसाल्याचा वास एक्झॉस्टमधून कुठे गेला कोण जाणे, ड्यूटी मॅनेजर खाली धावत आला. तक्रार नव्हती, वाटी घेऊन आला होता.

मोहर्लीकडून
ताडोबाजवळच्या रिसॉर्टला आहे. कोणी सुचवलं नाही म्हणून सांगतो. आमच्याकडे खोल्या कमी, माणसं कमी, त्यामुळे ट्रेनी पहाटे साडेचारला सफारीवाल्यांना चहा देतो, दहाला नाश्त्याला उभा असतो आणि दुपारी चेक इन करतो. राहायला आणि जेवायला मिळतं. पण तारखा बघून या. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर (जंगलाचा आतला भाग) बंद असतं, तेव्हा इथे शिकायला काही नाही, पाऊस मोजावा. ऑक्टोबरपासून या. रेंजची फार अपेक्षा नको. आईला रोज फोन करणाऱ्यांनी विचार करून यावं.

तवा_आणि_कढई
रिसॉर्ट चांगलं, पण बेकरी शिकायची असेल तर तिथे ब्रेड चंद्रपूरहून येत असेल.

मोहर्लीकडून
नागपूरहून येतो काका. पण मुद्दा मान्य.

*(मध्ये सोळा दिवस धागा शांत)*

मनीषनगरकर
मंडळी, पाच ठिकाणी जाऊन आलो. मी गेटबाहेर. दोन ठिकाणी गार्डनेच परत पाठवलं, एका ठिकाणी फॉर्म भरून घेतला, दोन ठिकाणी मुलाखत झाली. पुढचं तीच सांगते, माझ्याच लॉगिनवरून.

नमस्कार काका-काकू. आई इथे माझ्याबद्दल लिहितेय हे मला तिसऱ्या पानावर आल्यावर कळलं. बेकरीबद्दल मी सिरियस आहे, प्लीज.

पहिली मुलाखत वाईट गेली. मदर सॉस (ज्यांच्यापासून बाकीचे सॉस बनतात ते) किती विचारलं, मी पाच म्हटलं आणि चारच आठवली. व्हेलूते राहिलं.

दुसऱ्या ठिकाणी एफ अँड बीचे मॅनेजर होते. बायोडाट्यावर मी एचआर काकांनी सांगितलं तसं लिहिलं होतं, "मामाच्या लग्नात तीन पंगती वाढल्या." ते वाचून त्यांनी पेन ठेवलं. म्हणाले, सांग पान कसं वाढतात. मी इंग्रजीत सुरू केलं आणि अडकले. ते म्हणाले, मराठीत सांग. मग सांगितलं. आधी मीठ, वर मधोमध. त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाजी. भाताची मूद, वरण, आणि तूप वाढणारा आल्याशिवाय कोणी सुरू करायचं नाही. त्यांनी विचारलं, भाजी संपत आली आणि शेवटची ओळ राहिली तर? मी म्हटलं, तेव्हा आजीने मला चमच्याऐवजी छोटी डावली दिली आणि सांगितलं, कमी वाढ पण दोनदा ये. ते हसले. मग म्हणाले, आता हेच प्लेटेड सर्व्हिसबद्दल (किचनमधून प्लेट भरूनच येते ती) इंग्रजीत सांग, हळू. वाढायचं उजवीकडून, उचलायचं उजवीकडून, सिल्व्हर सर्व्हिस (टेबलाशी चमच्याने वाढतात ती) असेल तर डावीकडून वाढायचं. ते आलं मला.

काल फोन आला. घेतलंय. ऑफर लेटरवर रोटेशन मागितलं, त्यांनी एका मिनिटात दिलं, बहुतेक तयारच होतं. पहिले पाच आठवडे हाऊसकीपिंग, मग सर्व्हिस, मग किचन, त्यातले दोन बेकरीत. फ्रंट ऑफिस शेवटी. गाडी सव्वाबाराला सुटते, गार्ड असतो.

एक प्रश्न उरलाय. काळे बंद बूट सांगितलेत, हील नको, तळ घसरणारा नको. सीताबर्डीत कुठले घेऊ? बजेट फार नाही.

एचआरमधला_माणूस
अभिनंदन. मीठ कुठे वाढतात हे विचारणारा मॅनेजर कोण ते मला कळलं. नाव लिहू नकोस.

हाऊसकीपिंगवाली_काकू
पहिले पाच आठवडे आमच्याकडे, वा! बूट सकाळी घेऊ नकोस. संध्याकाळी जा, दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असताना. जे मोजे घालणार तेच घालून जा आणि अर्धा नंबर मोठा घे. दुकानात दोन पावलं चालून समाधान मानू नकोस, दहा मिनिटं उभी राहा, बसायचं नाही. दुकानदार वैतागेल, वैतागू दे.

डिसेंबरचा_वेटर
आणि दोन जोड घे, एकाच बजेटात बसवून. पावसाळ्यात एक भिजला की दुसरा लागतो. मी भिजलेल्या बुटांत तीन लग्नं काढलीत.

तर्रीबाज
बूट घेऊन झाले की कस्तुरचंद पार्कला तर्री-पोहे. तिथेही उभ्यानेच खातात, सराव होईल.